सतरावं कलम

माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसानं पहिल्याच वाक्यात काम सांगितलं, असं अडतीस वर्षांत मला दोनदाच आठवतं. बाकीचे सगळे आधी ऊन किती आहे ते सांगत, मग कर्जतपर्यंत पायी यायला किती वेळ लागला ते, मग माझ्या मुलाबाळांची चौकशी करत, आणि उठता उठता "हां, ते जरा बांधाचं हुतं," म्हणत पुन्हा बसत. अर्ज लिहिणाऱ्याचं निम्मं काम बोरूनं होतं आणि निम्मं मान डोलावून.

कचेरीसमोर एका वाण्याच्या ओटीवर माझी बसायची जागा होती. चटई, उतरतं मेज, दौत, शाई वाळवायला वाळूची डबी, एवढाच संसार. धंदा सांगायला सोपा आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं सरकारला कळेल अशा भाषेत मांडायचं, त्याला वाचून दाखवायचं, आणि खाली त्याची निशाणी घ्यायची. शेतकरी असेल तर नांगर काढायचा, बाई असेल तर बांगडी, डोंगरातला माणूस असेल तर कोयता. मी लिहायचो मोडीत, ओळ सुरू केली की बोरू शक्यतो न उचलता. माझ्या हातचा अर्ज कधी परत आला नाही, हे मी मोठेपणानं सांगतो, कारण ते खरं आहे. त्याचं कारणही सांगतो. मी काहीही गाळत नसे. गिऱ्हाइकाला क्षुल्लक वाटणारी गोष्टसुद्धा खोदून विचारायचो आणि कागदावर घ्यायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. खालापूरकडचा एक गृहस्थ आला. त्याची म्हैस शेजाऱ्यानं कोंडवाड्यात घातली होती. अर्ज वाचून दाखवला तर म्हणाला, "नाना, यात मी रडलो ते कुटं हाय?" मी म्हटलं, ते सरकारात लिहीत नाहीत. "मंग साहेबाला कळंल कसं? पयल्या वळीत लिवा." शेवटी "अर्जदार अत्यंत कष्टी आहे" असं लिहिलं, तेव्हा त्यानं डोळे पुसले आणि समाधानानं नांगर काढला. जवळच्या कोंडाणे गावचे दोघे भाऊ तर एकाच दिवशी, एकमेकांना नकळत, एकमेकांवरचा अर्ज लिहून घेऊन गेले. दोन्ही मीच लिहिले. दुसरा लिहिताना पहिल्यातल्या माझ्याच मुद्द्यांना मी इतकं सडेतोड उत्तर दिलं, की पुढे तो पहिला भाऊ माझ्यावर रुसला.

असल्या गमती सांगत बसलो तर अंक भरेल. संपादकांनी दिवाळीसाठी धंद्यातले अनुभव मागितले आहेत, पण मला त्यांतला एकच नीट सांगायचा आहे, आणि तो आठवायला कारण माझा पुतण्या.

तो मुंबईला वकिलीचा अभ्यास करतो. सुट्टीत आला की ताटावर बसून बोलतो आणि भात गार करतो. त्याचं म्हणणं असं, की आपल्या देशालाही राज्यघटना हवी. राज्य कसं चालावं, कुणाचा हक्क काय, हे एकदा लिहून काढलं पाहिजे, म्हणजे कुणाची मनमानी चालणार नाही. इंग्रजांची घटना म्हणे एका जागी लिहिलेलीच नाही, आणि अमेरिकेतल्या लोकांनी लिहिली, तर तिला मागाहून दुरुस्त्यांची ठिगळं लावावी लागली. मी विचारलं, "दुरुस्ती करायची कुणी आणि कशी, हेही त्यात लिहिलंय का?" तो म्हणाला, "अर्थात, काका." देशाचं मला फारसं कळत नाही. पण एका राज्याची घटना मी स्वतःच्या हातानं लिहिली आहे. ते राज्य पाच वाड्यांचं होतं, आणि दुरुस्तीची रीत तेवढी माझ्या लिहिण्यातून सुटली.

कशेळ्याच्या बाजाराला येणाऱ्या, वर डोंगराच्या अंगाला बसलेल्या या पाच वाड्या. त्या वेळी जंगलखातं नवीन होतं आणि कडक होतं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर झाडांचा टहाळ, पाला, शेण पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही. खात्यानं टहाळ तोडायला बंदी घातली आणि वर सांगितलं, की ज्यांची पूर्वापार वहिवाट असेल त्यांनी ठरल्या मुदतीत लेखी कळवावं. तेव्हा पाच वाड्यांचे पाच जण माझ्या ओटीवर आले. त्यांच्यात पुढे होता गोमा आजा.

गोमा हा त्यांचा सांगणारा. दर होळीच्या दुसऱ्या दिवशी पाचही वाड्या एका मोहाच्या झाडाखाली जमत, आणि गोमा आपली सगळी रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ सांगे. आंब्याला, मोहाला, हिरड्याला कोयता लावू नये. ऐनाचा टहाळ घ्यावा, शेंडा सोडावा. पाणवठ्याच्या वर गुरं नेऊ नयेत. प्रत्येक गोष्टीला जमलेली माणसं "व्हय" म्हणत. ज्याला पटत नसेल तो खाकरे. नुसतं खाकरणं. कुणी खाकरलं की गोमा थांबे, ती गोष्ट बाजूला ठेवी, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर बोलणं होई.

मी त्याच्याकडून एकेक गोष्ट लिहून घेऊ लागलो. एक आली, की जो माणूस रेल्वेच्या कामावर घाटात जाईल त्याची नाचणीची दळी, म्हणजे डोंगरउतारावरचा कसायचा तुकडा, दोन वर्षं राखून ठेवावी. मी बोरू खाली ठेवला.

"आजा, ही रीत कधीची?"

"वाडवडलांची."

"तुझ्या वाडवडलांच्या वेळी रेल्वे कुठं होती?"

"रेल्वे नव्हती," गोमा शांतपणे म्हणाला. "रीत हुती."

बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. हसण्यासारखं काही झालं आहे असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. मी पुढे विचारत गेलो तसं माझ्या ध्यानात आलं, की यांच्या रीतीत काहीही बदलत नाही असं ते शपथेवर सांगतात, आणि ती सारखी बदलत असते. नवं काही हवं झालं की गोमा ते एका होळीला शेवटी शेवटी, जुनंच असल्यासारखं सांगे. कुणी खाकरलं नाही की ते वाडवडलांचं झालं. जुनं काही नको झालं की तो ते सांगतच नसे. तीन होळ्या जे सांगितलं गेलं नाही ते गेलं. त्यावर कुणी बोलायचं नाही, विचारायचं नाही. म्हाताऱ्यांचा शब्द खोटा पाडावा लागत नसे आणि जिवंत माणसांचं काम अडत नसे. मला तेव्हा हे गमतीचं वाटलं, आणि थोडं गबाळंही.

गोमानं अठरा गोष्टी सांगितल्या आणि थांबला. मी म्हटलं, "अजून?"

"झालं."

"जुनं काही राहिलं असेल. सगळं सांग, आजा. रीत जितकी जुनी दिसेल तितका हक्क पक्का. साहेब मागाहून विचारतील."

मग त्यानं सोडून दिलेल्या पाच गोष्टी सांगितल्या. त्यांतली एक अशी: ज्या बाईला मुलगा नाही तिचा नवरा वारला, तर दुसरी होळी येईल त्याच्या आत तिनं माहेरी जावं, आणि घर व दळी दिरानं घ्यावी.

"पर ही आता सांगत नाय," गोमा म्हणाला. "पटकीच्या साली मानसं लई मेली. बाप्ये तर लईच. त्या होळीला हे सांगितलं असतं तर निम्मी वाडी रिकामी झाली असती. मी सांगितलं नाय. मंग पुन्यांदा नायच सांगितलं."

हे मी ऐकलं. मला सगळं समजलंही. आणि तरी मी ती गोष्ट लिहिली, कारण ती जुनी होती, आणि अर्जात जुनं हवं होतं. त्या पाचही गोष्टी मी विषयवार जिथल्या तिथे बसवल्या. घराच्या, वारशाच्या गोष्टींत ती सतरावी आली. एकंदर तेवीस कलमं झाली. वर मथळा घातला, खाली पाच कोयते काढून घेतले. असा देखणा कागद माझ्या हातून पुन्हा झाला नाही.

त्यावर चौकशी झाली, साहेब वाड्यांवर जाऊन आले, आणि टहाळाचा हक्क मंजूर झाला. एक प्रत सरकारात राहिली आणि दुसरी शिक्का मारून वाड्यांना मिळाली. ती त्यांनी बांबूच्या नळीत घालून गोमाच्या घरी आढ्याला टांगली. मला त्यांनी मधाचा एक बुधला आणून दिला. आसपासच्या गावांतून लोक येऊ लागले, आमचीही रीत लिहून द्या म्हणून. माझी मान तेव्हा दोन बोटं वर झाली होती.

दोन वर्षांनी गोमा आजा गेला. त्याच्यामागे सगळी रीत पाठ असलेला कुणी नव्हता. कागद होता, त्यामुळे कुणाला पाठ करायची गरज वाटली नव्हती. पण मोडी वाचणारा वाड्यांवर कुणी नाही. होळीच्या आधी ते मला बोलवायला आले. "तुमी लिवलंत, तुमीच सांगा." मी धुतलेला अंगरखा घालून गेलो.

मोहाखाली पाचही वाड्या बसल्या होत्या. बायका एका बाजूला. नळीतून कागद काढून मी वाचू लागलो. आकड्यासकट, एकेक कलम, खणखणीत. प्रत्येकाला "व्हय" येत होतं आणि मला त्याची लय सापडली होती. सतरावं कलमही मी त्याच लयीत वाचलं. त्याला "व्हय" जरा उशिरा आलं, विखुरलेलं आलं, पण आलं. कुणी खाकरलं नाही. मी अठरावं सुरू केलं.

वाचून झाल्यावर एक म्हातारा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "गोमा ते सांगत नव्हता. नवरा मेलेल्या बाईचं."

"मग खाकरला का नाहीत तुम्ही?"

"गोमा सांगायचा तवा खाकरायचो. कागुद वाचताना कोन खाकरंल? त्याच्यावर सरकारचा शिक्का हाय."

तेव्हा मला कळलं की त्या बायकांत भागी नावाची एक विधवा बसली होती. तिचा नवरा धर्मा नुकताच पौषात तापानं गेला होता. तिला दोन मुली, मुलगा नाही. धाकटा दीर राघो पुढच्या रांगेत बसला होता. म्हणजे पुढच्या होळीच्या आत तिनं घर सोडायचं, आणि ते तिला पाच वाड्यांसमोर मी सांगितलं होतं.

चार दिवसांनी भागी माझ्या ओटीवर आली. तिशीच्या आतबाहेरची, काटक बाई. ऊन सांगितलं नाही, वाट सांगितली नाही.

"नाना, तुमी लिवलंत, तुमीच खोडा."

मी तिला समजावू लागलो, की एकदा शिक्का पडलेल्या कागदात असं खोडता येत नाही, तो गुन्हा होतो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दळी मी कसली. धर्मा तापानं दोन साल निजून हुता. राघोला इचारा, त्या दळीत पानी कुटून येतं. त्याला ठावं नाय."

मी त्या वर्षी पुष्कळ हिंडलो. कचेरीत विचारलं, तर दुरुस्तीला पाचही निशाणीवाले हजर हवेत असं उत्तर आलं, आणि त्यांतला एक तर मेलेला. तरी मी "सतरावे कलमास पुरवणी" अशी झकास लिहिली आणि कशेळ्याच्या बाजारात वाड्यांच्या जुन्या माणसांना गाठलं. त्यांनी कागदाला हात लावला नाही. त्यांतला थोरला म्हणाला, "नाना, येक काढलं तर साहेब म्हनंल बाकीचं पन असंच बनवलंय. टहाळ ग्येला तर आमी राब कशाचा भाजावा? भागी येक हाय. आमी पाच वाड्या हाव."

राघोही बाजारात भेटला. मला वाटलं होतं, हा लबाड असेल. तसा तो नव्हता. खाली बघून बोलला. "मी कुटं मागितलं, नाना? धर्मा ग्येला तवा माज्या मनातबी नव्हतं. कागदानं दिलं. माजी पोरं चार, खोली येक. आता नको म्हनलं तर घरची मला काय म्हनंल?"

मग मी मनाशी ठरवलं. होळीला वाचायला मीच जाणार. मी सतरावं वाचणारच नाही. गोमानं जे केलं तेच. त्या दिवशी ते पाच वाड्यांच्या कानावर पडलं नाही, तर राघो कशाच्या जोरावर घर मागेल? हे मी कुणालाही सांगितलं नाही. भागीलाही नाही. खरं कारण सांगायचं तर मला लाज वाटत होती. ज्याच्या हातून कधी काही गळलं नाही तो नाना मुद्दाम एक कलम गाळणार, हे कुणाला कळू नये असं वाटत होतं. तिला एक निरोप धाडला असता तर? कशेळ्याच्या बाजारातून कुणाहीबरोबर धाडता आला असता. ही गोष्ट मला अजून टोचते.

होळी झाली. मी वर गेलो. या वेळी आकडे न सांगता वाचलं. सोळावं झालं आणि मी थेट अठरावं सुरू केलं. "व्हय" आलं. राघोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तेविसावं संपवून मी कागद गुंडाळला आणि बायकांकडे पाहिलं. भागी दिसली नाही.

"ती संक्रांतीनंतरच ग्येली," शेजारचा म्हातारा म्हणाला. "कुनी हाकललं नाय. होळीच्या आत जायचं म्हनून ग्येली. पोरी घिऊन ग्येली."

त्यानंतरच्या दोन होळ्याही मी सतरावं वाचलं नाही, म्हणजे रीतीप्रमाणे आता ते गेलं. पुढे वाड्यांवर आणखी तिघीजणी विधवा झाल्या, त्या आपापल्या घरात राहिल्या, आणि आमची रीत वाडवडलांपासून अशीच आहे असं ते सांगतात. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे काका, तुम्ही घटनादुरुस्ती केलीत." त्याला कौतुक वाटलं. मला वाटलं नाही, कारण पुढचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

सतरावं पहिल्यांदा गाळलं त्याच वर्षी चैत्रात मी भागीला शोधत गेलो होतो. तिचं माहेर खालापूरच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी. सकाळी निघालो तो दुपारी पोचलो. भावाच्या शेतात ती राबाचा पाला पसरत होती. मुली बांधावर टहाळ मोडत होत्या. मला बघून तिनं टोपली खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

मी म्हटलं, "भागी, ते कलम आता गेल्यातच जमा. मी होळीला वाचलंच नाही. राघोही गप्प बसला. तू परत चल, मी येतो तुझ्यासोबत, पाच वाड्यांसमोर बोलतो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. लहान मुलाला सांगावं तसं तिनं मला सांगितलं.

"नाना, तुमी वाचलंत ते पाच वाड्यांनी आयकलं. नाय वाचलंत, ते कोनी आयकलं?"

मग तिनं टोपली उचलली आणि शेताच्या त्या टोकाला पाला टाकायला गेली.